व्हॅलमायर: पुरानंतर कड्यावर वसलेल्या गावाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातले ९०० वस्तीचे एक शेतकरी गाव १९९३ साली मिसिसिपीच्या पुरात बुडाले. गावाने जुनी जागा सोडली आणि शेजारच्या कड्यावर नवे गाव बांधले. हे कसे घडले, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची ही मांडणी. गावाचे नाव सार्वजनिक नोंदींतले आहे, म्हणून ते ठेवले आहे. गावकऱ्यांची नावे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

इलिनॉय राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, सेंट लुई शहराच्या दक्षिणेला, मन्रो काउंटीत व्हॅलमायर आहे. तिथली जमीन दोन पातळ्यांवर आहे. खाली मिसिसिपीच्या पूर्व काठाने उत्तर-दक्षिण पसरलेला सपाट, काळ्या गाळाचा पट्टा आहे. त्याला ‘अमेरिकन बॉटम’ म्हणतात. त्याच्या पूर्वेला चुनखडीचे कडे सरळ उभे राहतात आणि त्यांच्या माथ्यावर उंचसखल पठार सुरू होते. जुने व्हॅलमायर या कड्याच्या पायथ्याशी होते. नदी तिथून पश्चिमेला काही किलोमीटर दूर, घरातून दिसतही नसे. उंबऱ्यातून समोर मका, गहू आणि सोयाबीनची शेते दिसत. आपण नदीच्या पात्रालगत राहतो, ही जाणीव रोजच्या जगण्यात फारशी होत नसावी. पुढचे सगळे समजून घ्यायला हा भूगोल लक्षात ठेवावा लागतो.

या पट्ट्यात माणूस फार पूर्वीपासून राहतो. उत्तरेला, याच गाळपट्ट्यात काहोकिया हे मूलनिवासींचे मोठे नगर होते. अठराव्या शतकात फ्रेंच आले. त्यांनी फोर्ट द शार्त्र हा किल्ला बांधला आणि १७२२मध्ये प्रेरी डू रोशर हे गाव वसवले. एकोणिसाव्या शतकात जर्मन शेतकरी कुटुंबे आली. काउंटीतल्या गावांची, चर्चची आणि घराण्यांची नावे आजही त्यांची साक्ष देतात. व्हॅलमायर त्या मानाने उशिराचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्याच्या पायथ्याने रेल्वे गेली, तिच्याभोवती वस्ती वाढली आणि १९०९मध्ये गावाला स्वतःचा कारभार मिळाला. कड्याच्या पोटात चुनखडीची खाण होती. शेती, खाण आणि रेल्वे यांच्यावर गाव उभे होते. इलिनॉयच्या कायद्यात अशा गावाला एक प्रमुख आणि सहा विश्वस्त असतात. ही माणसे आपापली नोकरी-शेती सांभाळून संध्याकाळी गावचे काम बघतात.

नदीने गावे गिळल्याचा अनुभव या भागाला होता. इलिनॉयची पहिली राजधानी कास्कास्किया याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला होती. १८८१मध्ये मिसिसिपीने पात्र बदलले आणि ते गाव नदीच्या पलीकडे, मिसूरीच्या बाजूला जाऊन पडले. २०२०च्या जनगणनेत तिथे २१ माणसे उरली होती. व्हॅलमायरनेही १९४०च्या दशकात एकापाठोपाठ पूर सोसले. त्यानंतर लष्कराच्या अभियंता दलाने मातीचे बांध उंच केले, सेंट लुईच्या मोजपट्टीवर ४७ फुटांपर्यंतचे पाणी अडेल इतके. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे पाणी आले नाही. या काळात दोन पिढ्या वाढल्या, घरे वाढली आणि बांध हा गावाच्या भरवशाचा भाग झाला. अनेकांनी पूरविमा घेतला नव्हता, यात नवल नाही. जे संकट आजोबांच्या गोष्टीतच ऐकले, त्याचा हप्ता दरवर्षी कोण भरणार?

अडचण

१९९३च्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसूरी या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत आठवड्यांमागून आठवडे पाऊस पडला. जमीन आधीच भिजलेली होती, पाणी मुरायला जागा नव्हती. नऊ राज्यांत पूर आला, सुमारे ५० माणसे गेली आणि नुकसान १५ अब्ज डॉलरच्या घरात गेले. रविवारी, १ ऑगस्टला सेंट लुईला पाण्याने ४९.५८ फूट गाठले. धोक्याची पातळी ३० फूट आहे.

व्हॅलमायरचे लोक त्याआधी कित्येक दिवस वाळूची पोती रचत होते. पण गावाला बुडवणारे पाणी समोरून आले नाही. उत्तरेला कोलंबिया गावाजवळचा बांध १ ऑगस्टला फुटला. आत घुसलेले पाणी दक्षिणेकडे सरकत फाउंटन क्रीक या ओढ्याच्या बांधापर्यंत आले आणि तोही ओलांडून व्हॅलमायरच्या बाजूला उतरले. आपला बांध कितीही राखला, तरी शेजारचा फुटला की पाणी त्या वाटेने येते. गावकऱ्यांना आधीच हलवले होते. परतून पाहिले तेव्हा काही भागांत घरे छपरापर्यंत पाण्यात होती. बांधाला पडलेले खिंडार उघडेच होते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये नदी पुन्हा चढली आणि साफसफाईला लागलेल्या गावात दुसऱ्यांदा पाणी शिरले. हा दुसरा पूर आकाराने लहान असला तरी मनावर त्याचा घाव मोठा होता. भिंती धुऊन, गाळ उपसून जी कुटुंबे घरी परतू पाहत होती, त्यांच्यातल्या अनेकांचा निर्धार त्या आठवड्यात संपला.

गावातल्या ९० टक्क्यांहून अधिक इमारतींचे मोठे नुकसान झाले होते. इथे नियमाची गाठ आडवी आली. केंद्राच्या पूरविमा योजनेत असलेल्या गावाला एक अट पाळावी लागते: पूरक्षेत्रातल्या घराचे नुकसान त्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ते होते तसे दुरुस्त करता येत नाही. त्याच्या सर्वांत खालच्या मजल्याची पातळी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या वर न्यावी लागते. म्हणजे साध्या लाकडी घराला कित्येक फूट उंच पायावर चढवायचे, तेही जवळपास प्रत्येक घराला. त्यामुळे ‘परत जाऊ आणि पहिल्यासारखे राहू’ ही वाट बहुतेकांना बंदच होती. वाट बंद आहे हे गावाला स्पष्ट सांगणे हे गावप्रमुख आणि विश्वस्तांचे पहिले अवघड काम होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तिथेच राहून घरे उंच करण्याचा. जमीन ओळखीची, शाळा आणि चर्च तिथेच, शेते दारात. पण खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि रस्ते, दुकाने, विजेचे खांब सगळे पुन्हा पुराच्या तोंडी.

दुसरा, सरकारला घर विकायचे आणि ज्याने-त्याने आपली वाट धरायची. फेमा, म्हणजे केंद्राची आपत्तीनिवारण संस्था, पुरापूर्वीच्या बाजारभावाच्या आधारे घर विकत घेऊ शकत होती. विकलेली जमीन मात्र कायमची मोकळी ठेवावी लागते. तिथे पुन्हा घर उठत नाही. एकेका कुटुंबाच्या हिशेबात हा पर्याय सर्वांत सोपा होता. शेजारची कोलंबिया, वॉटरलू ही गावे पुराच्या टप्प्याबाहेर उंचावर होती, तिथे घरे मिळत होती. पण सगळ्यांनी हाच मार्ग धरला असता तर व्हॅलमायर वर्षभरात नकाशावरून गेले असते आणि त्याबरोबर त्याची शाळाही.

तिसरा, सगळ्यांनी मिळून हलायचे. याला उदाहरण होते, पण थोडेच. विस्कॉन्सिनमधल्या सोल्जर्स ग्रोव्ह या गावाने १९७८च्या पुरानंतर आपली बाजारपेठ उंच जागेवर नेली होती आणि नव्या दुकानांना उन्हाची ऊब वापरण्याचा नियम लावला होता. तिथे मुख्यतः बाजार हलला होता. व्हॅलमायरला शाळा, चर्च, अग्निशमन, पाणी, सांडपाणी, रस्ते आणि शेकडो घरे असे अख्खे गावठाण उभारायचे होते.

दुसरा आणि तिसरा पर्याय पैशाच्या बाबतीत जोडलेले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरखरेदीचा पैसा कुटुंबाच्या हातात पडतो. नव्या गावाचा रस्ता आणि नळ त्या पैशातून येत नाही. त्यासाठी वेगळ्या खात्यांचे वेगळे अनुदान लागते आणि ते मिळायला वेळ लागतो. कुटुंबाकडे पैसे आले पण नव्या गावात प्लॉट तयार नाही, अशी अवस्था आली की माणसे पैसे घेऊन दुसरीकडे जातात. तिसरा पर्याय टिकणार की नाही, हे या दोन प्रवाहांच्या वेगावर ठरणार होते.

काय केले

पाणी ओसरल्यानंतर काही आठवड्यांतच गावाची सभा झाली आणि लोकांना थेट विचारले गेले: एकत्र हलायचे का? सुमारे दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला. हा पहिला निर्णायक टप्पा. आराखडा नाही, जागा पक्की नाही, किंमत माहीत नाही, अशा वेळी मत विचारणे धोक्याचे होते. पण सहा महिने थांबून सगळे कागद तयार करून विचारले असते, तर मत द्यायला माणसेच गावात उरली नसती. होकाराचे वजन सरकारी कचेऱ्यांतही पडले. विखुरलेल्या अर्जदारांशी बोलणे आणि एका निवडून आलेल्या गावाशी बोलणे यांत अधिकाऱ्यांनाही फरक पडतो.

जागेचा निर्णय लवकर झाला. जुन्या गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर, कड्याच्या माथ्यावर, सुमारे ४०० फूट उंच अशी ५०० एकर जमीन निवडली. ती गावाच्या हद्दीत जोडून घेतली. कायद्याच्या दृष्टीने गाव तेच राहिले: तोच कारभार, तीच शाळा, तेच नाव. नवीन गाव स्थापन करायचे असते तर सगळे कागद शून्यापासून सुरू झाले असते.

उंच जागा मात्र आपोआप निर्धोक होत नाही. मन्रो काउंटीचे पठार चुनखडीचे आहे. पावसाचे पाणी दगड विरघळवते आणि जमिनीत खळगे पडतात. या आणि शेजारच्या काउंट्यांत मिळून असे सुमारे दहा हजार खळगे आहेत. वर टाकलेले सांडपाणी फारसे न गाळताच भूजलात उतरते. म्हणून घरटी शोषखड्डे ठेवून भागणार नव्हते, सांडपाण्याची नीट योजना लागणार होती. शिवाय केंद्राचा पैसा लागणार म्हणजे पुरातत्त्वाची पाहणी सक्तीची. हजारो वर्षे वस्ती असलेल्या कड्यांवर ती महत्त्वाचीही होती, पण प्रत्येक पाहणीचे आठवडे तात्पुरत्या घरांत राहणाऱ्यांच्या डोक्यावर मोजले जात होते.

राज्य आणि केंद्राची मिळून विसाहून जास्त खाती यात गुंतली. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, वर्ष वेगळे, अट वेगळी. गावाकडे पूर्णवेळ नगररचनाकार नव्हता. प्रादेशिक नियोजन आयोगाची माणसे मदतीला आली आणि गावकऱ्यांच्या समित्या नेमल्या गेल्या. या समित्यांना मी शोभेची गोष्ट मानत नाही. ज्यांची घरे गेली आहेत अशा लोकांच्या हातात रोजचे काम आले, आपण कशाची वाट पाहतो आहोत हे त्यांना कळत राहिले. माणसे टिकण्यामागे याचा मोठा वाटा आहे असे मला वाटते.

वॉशिंग्टनमध्येही हालचाल झाली. डिसेंबर १९९३मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून पुनर्वसन आणि धोका कमी करण्याच्या कामातला केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेला. ९०० वस्तीच्या गावाला निम्मा वाटा उचलणे अशक्य होते; पाव वाट्याची जुळवाजुळव राज्याच्या आधारे शक्य झाली. त्याच महिन्यात नव्या जागेवर पहिली कुदळ पडली.

दुसरा निर्णायक टप्पा आराखड्याचा. ऊर्जा खात्याच्या पुढाकाराने वास्तुविशारद आणि तज्ज्ञांचा गट गावकऱ्यांशी बसला. घरांची तोंडे उन्हाच्या दिशेने, उतार आणि झाडी सांभाळून रस्ते, सार्वजनिक इमारतींत ऊर्जेची बचत, अशा सूचना झाल्या. मिसूरीतले पॅटन्सबर्ग हे गावही तेव्हा हलत होते. तिथे घुमटाच्या आकाराची शाळा उभी राहिली. व्हॅलमायरमध्ये सार्वजनिक इमारतींत काही सूचना उतरल्या, खासगी घरे मात्र बहुतेकांनी नेहमीच्या पद्धतीने बांधली. दोष द्यायचा झाला तर वेळेला द्यावा लागेल. तात्पुरत्या फिरत्या घरात दुसरा हिवाळा काढणाऱ्या कुटुंबाला सूर्याचा कोन ऐकवणे कठीण असते. या सूचना प्लॉट पाडण्याच्या नियमांतच बसवल्या असत्या, तर प्रत्येक कुटुंबाला वेगळा विचार करावा लागला नसता.

१९९५च्या वसंतात पहिली कुटुंबे नव्या घरांत राहायला गेली. पुरापासून जवळजवळ दोन वर्षे झाली होती.

परिणाम

आकडे सांगतात ते आधी पाहू. जनगणनेत गावाची लोकसंख्या १९९०ला ८९७, २०००ला ६०८, २०१०ला १२६३ आणि २०२०ला १२३३. फक्त शेवटचा आकडा पाहिला तर गाव वाढले असे वाटते. फक्त २०००चा पाहिला तर गाव फसले असे वाटते. दोन्ही वाचने घाईची आहेत. पहिल्या दशकातली घट ही वाट पाहण्याची किंमत आहे. १९९३ ते १९९५ या काळात शेकडो माणसे दुसरीकडे स्थिरावली आणि परतली नाहीत. नंतरची वाढ नव्या कुटुंबांची आहे. सेंट लुईला रोज नोकरीला जाणारे लोक मन्रो काउंटीत घरे घेऊ लागले. २००० ते २०१० या दशकात काउंटीच २७,६१९वरून ३२,९५७वर गेली. कड्यावर तयार रस्ते, नळ, नवी शाळा आणि मोकळे प्लॉट असलेले गाव त्यांना सोयीचे होते. म्हणजे आजच्या व्हॅलमायरमध्ये जुन्या गावाचे लोक आहेत, पण आजचे गाव फक्त त्यांचे नाही.

शाळा टिकली. मध्यपश्चिमेतल्या लहान गावांत शाळा शेजारच्या गावात विलीन झाली की गाव हळूहळू रिकामे होते, हे पुनःपुन्हा दिसते. व्हॅलमायरच्या शाळेचे संघ अजूनही स्वतःच्या नावाने खेळतात. चर्च नव्याने उभी राहिली. कड्यातल्या जुन्या खाणीलाही काम मिळाले: भूमिगत, थंड आणि कोरड्या पोकळीत गोदामे झाली आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने तिथे सरकारी नोकर-सैनिकांच्या कागदपत्रांचे भांडार उभारले.

जे गेले तेही नोंदवायला हवे. जुन्या गावात मुख्य रस्त्यावर दुकाने आणि खानावळी होत्या, लोक पायी फिरत. नव्या गावात त्यांतली मोजकीच आली. घरखरेदीचा पैसा घरमालकाला मिळतो; भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या दुकानाला नव्या इमारतीचे कर्ज झेपत नाही, आणि दोन वर्षांत गिऱ्हाईकही पांगलेले असते. नव्या गावातले रस्ते वळणावळणाचे, प्लॉट मोठे, घरे दूरदूर. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्याची सवय जुन्या लोकांना तिथे परत मिळाली नाही. सगळ्यांत जड गेले म्हाताऱ्या माणसांना. आयुष्यभर फेडून मोकळ्या केलेल्या घराची किंमत नव्या घराच्या निम्मीही भरत नसेल, तर सत्तराव्या वर्षी पुन्हा कर्ज काढायचे की मुलांकडे जायचे, हा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नव्हता.

काही घरे खालीच राहिली, त्यांच्या मालकांनी जागा सोडली नाही. बाकी जुन्या गावठाणात रस्त्यांची जाळी दिसते, मधले प्लॉट मोकळे आहेत. बांध दुरुस्त झाले आणि शेती चालू आहे. वस्ती आणि शेती वेगळी झाली, हा या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ बदल म्हणावा लागेल: पूर आला तर पीक जाईल, घर जाणार नाही.

याच पट्ट्यातल्या दोन गावांशी तुलना उपयोगी आहे. दक्षिणेकडच्या प्रेरी डू रोशरला वाचवण्यासाठी अभियंता दलाने त्याच ऑगस्टमध्ये नदीचा बांध मुद्दाम फोडला, म्हणजे त्यातून आत येऊन आधीच साचलेले पाणी उत्तरेकडून येणाऱ्या लोंढ्याला अडवेल. ते गाव वाचले आणि जागेवर राहिले. फुल्ट्स हे चिमुकले गावही व्हॅलमायरबरोबर बुडाले, पण तिथे एकत्र हलण्याएवढी वस्तीच नव्हती. पुढच्या जनगणनांत तिथे तिसाच्या आत माणसे नोंदली गेली. व्हॅलमायर या दोघांच्या मधले होते: हलण्याइतके बुडालेले, आणि हलू शकण्याइतके मोठे.

वेगळे काय करता आले असते

दुकानदारांना पहिल्या कुटुंबांबरोबरच वर न्यायला हवे होते. त्यांच्यासाठी गावाच्या मालकीचे साधे, स्वस्त भाड्याचे गाळे आधी बांधले असते, तर नव्या गावाला सुरुवातीपासून एक मधली जागा मिळाली असती. घरे आधी, बाजार नंतर, हा क्रम सोयीचा वाटतो. पण वर्षभर लोक दुसऱ्या गावात खरेदी करू लागले की ती सवय मोडत नाही.

भाडेकरूंचे आणि म्हाताऱ्यांचे गणित मतदानाआधी मांडायला हवे होते. दोन तृतीयांश होकार हा मोठा आकडा आहे, पण होकार देणाऱ्यांपैकी कोणाला नवे घर परवडणार याची यादी त्याच आठवड्यात केली असती, तर लहान घरांचा आणि भाड्याच्या घरांचा हिस्सा आराखड्यात पहिल्यापासून ठेवता आला असता.

आणि वेळ. परवानग्या एकामागून एक न घेता शक्य तिथे एकाच वेळी चालवल्या गेल्या, म्हणून दोन वर्षांत घरे उभी राहिली. अनेक पुनर्वसनांना याहून खूप जास्त वेळ लागला आहे. तरी एक हिवाळा वाचवता आला असता असे मला वाटते. पुराआधीच, कोरड्या वर्षात, कड्यावरच्या जमिनीची पाहणी आणि पुरातत्त्वाची नोंद करून ठेवली असती तर ते शक्य होते. १९४०च्या दशकात गाव पुन्हापुन्हा बुडाले, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा समोर आला होता. त्या वेळी बांध उंच करणे योग्यच होते, पण त्याच्याबरोबर वर एक जागा राखून ठेवायला फार पैसा लागला नसता. गाळपट्ट्यातल्या उरलेल्या गावांच्या विश्वस्तांना हे काम अजून करता येण्यासारखे आहे.